वाढत्या अंगाचं शिवायचं, पण वाढ ठेवायची कुठे?

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. मुलगी चार वर्षांची. शिवणाचा सहा महिन्यांचा क्लास झालेला आहे, घरात पायमशीन आहे. मुलीचे कपडे वर्षभरात आखूड होतात, म्हणून गेल्या दिवाळीला त्यांनी सासूबाईंच्या सांगण्यावरून ‘वाढत्या अंगाचा’ फ्रॉक शिवला. मुलीला बसतो २२ नंबर, शिवला २६. गळा खांद्यावरून ओघळायचा, कंबर पोटाखाली यायची. मुलीने दोनदा घातला, तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणून रडली. गडद मरून रंगाचा तो फ्रॉक आता कपाटात पडून आहे. त्या विचारतात, ‘एकदा शिवलेला कपडा निदान तीन वर्षं तरी जायला हवा, नाहीतर घरी शिवण्यात अर्थ काय? परदेशात मुलांबरोबर वाढणारे घड्यांचे कपडे मिळतात, तसे घरी जमतील का? आणि पद्धत चुकली, हे सासूबाईंना कसं सांगू?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. सासूबाईंची पद्धत चुकलेली नाही. त्यांनी ‘वाढत्या अंगाचं’ म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा परकर होता. परकर कमरेवर नाडीने बांधला जातो. कंबर वाढली की नाडी सैल करायची, उंची वाढली की खालची एक दुमड उसवायची. खांद्याशी त्याचा काही संबंधच नाही. त्यावरचं पोलकं मात्र अंगाबरोबर शिवलेलं असे. त्याची वाढ आत, शिवणीतल्या मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडात दडवलेली असे. म्हणजे वाढ होती, पण ती ठरलेल्या जागी होती. तुमचा फ्रॉक खांद्यावर टांगला जातो. त्याला सगळीकडून दोन नंबर (२२ चा २४, २४ चा २६) मोठा केला की सगळ्यात आधी खांदा आणि गळा बिघडतो, आणि ते बिघडले की बाकीचं कितीही नीट असलं तरी मूल तो कपडा अंगावर ठेवत नाही. तुमच्या मुलीचं रडणं हा हट्ट नव्हता.

आता मुलं वाढतात कशी ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलीची मध्यम उंची १०२.७ सेंटिमीटर आहे आणि पाच वर्षांच्या मुलीची १०९.४. वर्षाला साधारण पावणेसात सेंटिमीटर. पण तेवढ्याच काळात छातीचा घेर जेमतेम दोन सेंटिमीटर वाढतो आणि कंबर एखादा. बाळपणचं पोट आत जात असतं, त्यामुळे काही मुलांची कंबर वर्षभर तशीच राहते. उंचीतली मोठी वाढ पायांत होते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक वर्षाला दीड इंच लांब करावा लागतो. त्यातला अर्धा इंच कमरेच्या वर आणि एक इंच कमरेच्या खाली. शिवताना हाच हिशेब धरायचा: गळा आणि खांदा आजच्या मापाचा, छातीत थोडी माया, आणि खरी वाढ घेरात, म्हणजे फ्रॉकच्या कमरेखालच्या भागात.

तीन वर्षांची अट मात्र तुम्ही सोडावी असं मला मनापासून वाटतं. आठवड्यातून दोनदा धुतला जाणारा सुती फ्रॉक दोन वर्षांत दोनशे धुण्यांतून जातो. तोवर रंग उतरतो, मुंढ्याजवळचं, म्हणजे बाही जोडतात तिथलं कापड विरळ होतं, आणि सहा वर्षांच्या मुलीला चौथ्या वर्षीचं फुलपाखरू नकोसं होतं. दोन वर्षं हे प्रामाणिक उद्दिष्ट आहे. शिवाय तुमच्या जावेची मुलगी दीड वर्षाची आहे, असं तुम्ही लिहिलंय. उसवलेली दुमड पुन्हा घालता येते. तुमच्या मुलीची दोन वर्षं संपतील तेव्हा धाकटी साडेतीन वर्षांची असेल, आणि त्याच फ्रॉकच्या दुमडी परत घातल्या की तो तिला होईल. कपड्याचं आयुष्य एकाच अंगावर मोजू नका.

कापड निवडतानाच निम्मं काम होतं. दुमडीच्या आत राहिलेलं कापड ऊन, घाम, साबण यांपासून वाचतं, बाहेरचं विटतं. वर्षाने दुमड उसवली की गडद पट्टा उघडा पडतो. गडद एकरंगी कापडात, विशेषतः मरून, निळ्या, काळ्यात, तो लांबून दिसतो. म्हणून बारीक छापाचं, सूत रंगवून विणलेल्या चौकडीचं किंवा फिक्या रंगाचं कापड घ्या. दुसरी अडचण सुईच्या भोकांची. सॅटिन, रेशीम, घट्ट विणीचं पॉपलिन यांच्यात उसवलेल्या टिपेची भोकं कायम राहतात. कॅम्ब्रिक, मलमल, खादी पाण्यातून काढून इस्त्री केली की धागे सरकून भोकं मिटतात. मंगलदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमाताकडे कापड घेताना एक कोपरा चिमटीत धरून त्यातून सुई काढून बघा. नखाने घासल्यावर भोक मिटलं तर ते कापड घ्या.

आणलेलं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच बेता. हे टाळलं तर काय होतं? सुती कापड पाच टक्के आटलं तर वीस इंचांत एक इंच जातो, म्हणजे तुम्ही ठेवलेल्या वाढीतली एक अख्खी दुमड पहिल्याच धुण्यात संपते. अस्तरही तसंच भिजवून घ्या. ते नंतर आटलं तर आतून ओढ बसते आणि फ्रॉक फुग्यासारखा वळतो.

आता तुमच्या मुलीचा २२ नंबरचा फ्रॉक. मापं अशी धरते: छाती २२ इंच, तयार फ्रॉकची उंची साडेबावीस, त्यात वरचा भाग साडेआठ आणि घेर चौदा. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा मीटर कापड पुरतं; बाही आणि कंबरपट्टा हवा असेल तर दीड मीटर घ्या. घेरासाठी पूर्ण पन्ह्याचा साडेएकोणीस इंच उंचीचा एकच तुकडा कापा. चौदा इंच घेर, तीन दुमडींचे तीन, खालच्या हेमचे, म्हणजे कड आत मुडपण्याचे दोन, आणि वर चुण्या जोडायला अर्धा. पन्हा कंबरेच्या दुप्पट येतो. चुण्यांना तेवढं पुष्कळ झालं.

दुमड, जिला शिंपी टक म्हणतात, ती अर्धा इंच खोल ठेवायची. म्हणजे कापड एक इंच खाते आणि उसवल्यावर एक इंच देते. चुण्या घालायच्या आधी घेराची मागची शिवण घालून त्याचा गोल करा. मग खालच्या कडेपासून खडूने खुणा करा: दोन इंच हेमचे, एक इंच मोकळा, एक इंच दुमडीचा, पुन्हा एक मोकळा, एक दुमडीचा, एक मोकळा, एक दुमडीचा. दुमडी कापडाच्या सुलट बाजूला घालून खाली दाबा. बाहेरून त्या नक्षीसारख्या दिसतात. उद्या एक उसवली तर दोन उरतात, दोन उसवल्या तर एक, आणि बघणाऱ्याला काही कमी झालंय असं वाटत नाही. उलट सगळी वाढ चार इंचांच्या हेममध्ये कोंबली की खाली जड पट्टा लोंबतो, चाल बिघडते, आणि पावसाळ्यात तो पट्टा दोन-दोन दिवस वाळत नाही. जुलैत घरातल्या दोरीवर वाळलेल्या कपड्याला कुबट वास येतो तो बहुतेक वेळा अशा जाड थरांचा.

दुमडीची टीप लांब ठेवा. मशीनचा टाका तीन ते चार मिलिमीटर, सुई ११ नंबर. दोरा कापडापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा घेतला तर उसवताना दिसतो. त्याहून चांगलं म्हणजे दुमडी हाताने, बारीक धावदोऱ्याने घालाव्यात. भोकं लहान पडतात आणि एक गाठ कापून दोरा ओढला की दुमड सुटते. हे काम सासूबाईंना द्या. परकराच्या दुमडी घालायची सवय असेल तर त्यांचा धावदोरा तुमच्या टिपेपेक्षा सरळ येईल. ‘खांद्याला माप आजचं धरते, वाढ खाली ठेवते, दुमडी तुम्ही घालून द्याल का?’ एवढं विचारलंत तरी चूक कोणाची हा विषय निघणार नाही.

वरच्या भागात अर्ध्या इंचाची आणखी एक दुमड आतल्या बाजूला दडवता येते. वरचा भाग एक इंच लांब कापा आणि कमरेच्या जोडाच्या अर्धा इंच वर ती आत घ्या. बाहेर फक्त एक बारीक रेघ दिसते. दोन इंची कंबरपट्ट्याने ती झाकते. अस्तर असेल तर त्यात ही दुमड स्वतंत्र घाला. दोन्ही कापडं एकत्र दुमडली की जाडी वाढते आणि उसवताना अस्तर फाटतं. मागच्या बटणपट्टीवर सगळ्यात खालचं बटण या दुमडीच्या वर ठेवा, नाहीतर तिथे काज बसतच नाही.

छातीसाठी बाजूच्या शिवणीत प्रत्येक कापडाला एक इंच माया ठेवा. पुढे अर्धा इंच बाहेर काढली तरी दोन बाजूंची चार कापडं मिळून दोन इंच घेर मिळतो. दोन वर्षांना तो पुरून उरतो. पण इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, बगलेच्या वळणावर आपण सवयीने कात्रीने छेद देतो. मायेत छेद गेला की ती माया परत वापरता येत नाही. तिथे कापड थोडं ताणून इस्त्री करा, कापू नका. दुसरी, ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनवर घालतात ती शिलाई. नाक्यावर ओव्हरलॉकला कपडा दिला की मशीनची सुरी कडेचं कापड कापत जाते आणि तुमची इंचभर माया पाव इंचावर येते. त्याला आधीच सांगा की कड न कापता, प्रत्येक कापडाला वेगळं ओव्हरलॉक करायचं, आणि हे शिवण जोडायच्या आधी करून घ्या. तिसरी, बाही. बाजू सैल केली की मुंढा मोठा होतो आणि बाही अपुरी पडते. म्हणून बाही आधी खांद्याकडून उघड्या मुंढ्याला जोडा आणि मग बाहीची शिवण व बाजूची शिवण एकाच ओळीत, मनगटापासून कमरेपर्यंत घाला. माया दोन्हींत सारखी. सैल करताना कमरेचा जोड बाजूला दोन-दोन इंच उसवला की पुरे. घेराच्या चुण्या थोड्या पसरवल्या की जुळतं.

खरं तर बसवलेली बाही हा वाढत्या मुलाचा सर्वांत वाईट सोबती आहे. पर्याय असेल तर रॅग्लन बाही करा. तिची शिवण गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी जाते, खांद्याचं टोक ठरलेलं नसतं, म्हणून खांदा वाढला तरी ओढत नाही. मुंबईच्या उकाड्यात बिनबाह्यांचा पिनाफोर त्याहून सोपा. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या दीड इंच रुंद आणि गरजेपेक्षा तीन इंच लांब कापा, त्यावर एकेक इंचावर तीन काजं करा. काज पट्टीच्या लांबीच्या दिशेने हवं. ओढ त्याच दिशेने पडते, बटण काजाच्या टोकाला बसतं आणि सुटत नाही; आडवं काज ताणाने उघडतं. काजाखाली पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) किंवा कापडाचाच दुहेरी थर द्या. बटण लावताना खाली आगपेटीची काडी ठेवून टाके घाला, मग काडी काढून दोरा बटणाच्या बुडाशी गुंडाळा. जाड पट्टीखाली बटणाला मान लागते. हाच पिनाफोर सहाव्या वर्षी लेगिंगवर टॉप म्हणून घालता येतो.

पँट आणि परकर-घागऱ्याच्या नेफ्यासाठी मधोमध काजं पाडलेलं इलास्टिक मिळतं. भुलेश्वरच्या बटण-लेसच्या गल्ल्यांत नक्की सापडेल, जवळच्या मॅचिंग सेंटरमध्येही विचारून बघा. पाऊण इंच रुंदीचं घ्या. नेफा त्याहून जेमतेम पाव इंच जास्त. फार सैल नेफ्यात इलास्टिक पीळ खातं, म्हणून पाठीच्या मधोमध एक उभा टाका मारा. नेफ्याच्या आतल्या बाजूला दोन्ही बाजूशिवणींजवळ एकेक काज आणि शेजारी एकेक बटण, इलास्टिकची टोकं त्यातून बाहेर काढून बटणात अडकवा, प्रत्येक टोकाला दोन इंच शिल्लक. उंच मुलाच्या पँटचं आसनही, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग, वर्षाला अर्धा इंच खोल लागतं, म्हणून नेफा दुमडताना वर एक इंच जादा ठेवा. पँटच्या पायाला बाहेरून उलटवलेली घडी छान दिसते, पण पावसात तिच्यात चिखल साठतो. जून ते सप्टेंबर वाढ आतच ठेवा. इलास्टिकचं रबर घामाने, गरम पाण्याने, इस्त्रीने वर्षा-दीड वर्षात मरतं. टोकं मोकळी असली की बदलणं पाच मिनिटांचं काम.

गळ्याला मात्र नाडी किंवा गोंडे नकोत, कितीही सोय वाटली तरी. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला नाडी चालतच नाही, कारण घसरगुंडीत, झोपाळ्यात, दारात ती अडकते. जावेच्या मुलीसाठी, म्हणजे तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी, छोटी बटणंही टाळा. ओढून निघालं की ते तोंडात जातं.

घड्यांच्या कपड्यांबद्दल. तुम्ही पाहिलेत ते बहुधा लंडनच्या रायन यासिन यांच्या ‘पेटी प्ली’ या ब्रँडचे असावेत, त्या कल्पनेला २०१७ साली ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार मिळाला. त्या बारीक घड्या कृत्रिम धाग्याच्या कापडात उष्णतेने कायमच्या बसवलेल्या असतात. सुती कापडात घरच्या इस्त्रीने बसवलेली घडी पहिल्या धुण्यात जाते. त्याच्या जवळ जाणारी घरगुती गोष्ट म्हणजे बॉबिनमध्ये इलास्टिक धागा भरून छातीवर अर्ध्या इंचावर घातलेल्या ओळी. धागा हाताने, न ताणता गुंडाळा. मशीनवर गुंडाळला तर तो आधीच ताणला जातो आणि ओळी आवळत नाहीत. कापड पावणेदोन पट रुंद घ्या, टाका सगळ्यात लांब. तीन-चार इंचांची वाढ सहज सामावते. फक्त मे महिन्यात हे अंगावर नको, घामोळं उठतं.

आणि सगळंच शिवू नका. निकर, बनियन, रात्रीचे होजिअरीचे कपडे विकतच घ्यावेत. ते ताणतात, झिजतात, त्यांत माया ठेवून काही हाती लागत नाही. वर्षाला दोन पिनाफोर, एक सणाचा परकर किंवा फ्रॉक, एक पँट, एवढ्यावर तुमचा वेळ खर्च झाला तर तो वसूल आहे. एका वहीत मापं आणि कोणती दुमड कधी सोडली ते लिहीत जा, दर तीन महिन्यांनी छाती, खांदा ते कंबर आणि कंबर ते गुडघा मोजा. दुमड उसवताना एका बाजूने दर चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढून काढा. राहिलेल्या घडीवर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने टिपा, वरून ओलं कापड ठेवून इस्त्री करा. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते बघा.

राहिला कपाटातला मरून फ्रॉक. तो वाचेल. पुढच्या गळ्याची पट्टी उसवा आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक चुण्या, पाव इंच कापड खाणाऱ्या, गळ्यापासून सुरू करून खाली तीन इंचांपर्यंत घाला. गळा एक इंचाने आत येतो आणि खाली छातीला मोकळीक राहते. मागच्या गळ्याच्या पट्टीत पाव इंची इलास्टिक घाला, पट्टीपेक्षा इंचभर आखूड. खांद्याच्या शिवणीवर प्रत्येकी एक पाव इंच खोल दुमड, पुढेमागे तीन-तीन इंच उतरती. खांदा अर्धा इंच आत येतो. वरच्या भागात कमरेच्या वर अर्ध्या इंचाची आतली दुमड, घेरात अर्ध्या इंचाच्या तीन दुमडी. चार इंच गेले, २६ चा २२ झाला. रंग गडद असल्यामुळे उसवल्यावर रेघा दिसतील, तेव्हा प्रत्येक रेघेवर बारीक काठाची किंवा लेसची पट्टी लावत जा. ती लेस आत्ताच थोडी जास्त घेऊन ठेवा, दोन वर्षांनी तशीच मिळेल असं नाही. हे सगळं दोन दुपारचं काम आहे. गळ्यापासून सुरू करा आणि दुमडी घालायच्या आधी एकदा मुलीच्या अंगावर घालून बघा.